महिपतीचं सुतक

कंदिलाची वात जरा खाली करा, रॉकेल काय फुकट येत नाही. आणि ज्याला मध्येच खिदळायचं असेल त्यानं आत्ताच घरी जावं.

ही गोष्ट वराळ्याच्या कोंडाजीची. त्यानंच मला सांगितली, आणि तो थापाड्या नव्हता. सन एकोणीसशे सोळाच्या जानेवारीतली चार तारीख, मंगळवार, अमावास्या. लढाईवरून परतलेला कोंडाजी संध्याकाळच्या गाडीनं तळेगावला उतरला आणि गावाकडे चालू लागला. काम एकच होतं. शालूबाईला सांगायचं, की तुझा लेक महिपती गेला.

दोघं फ्रान्सात पलटणीच्या खेचरांच्या तांड्यावर होते. ऑर्लेआँ नावाच्या शहराबाहेर त्यांची छावणी होती. पहिल्याच थंडीत महिपतीच्या छातीत कफ भरला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. पाटलाकडे कागद येऊन वर्ष झालं होतं, पण विधवा बाईचा एकुलता एक पोरगा, सांगायची कुणाची छाती होईना. कोंडाजी येईल, तोच सांगेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. नको ते काम शेजाऱ्याच्या गळ्यात घालायला आपली माणसं पटाईत.

सुतकाचं तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस परमुलखात गेला, तर कानावर पडल्यापासून लागतं. ऐकलं की नेसत्या कपड्यानिशी आंघोळ करायची.

शालूबाईनं त्याला भाकरी वाढली आणि बोलू लागली. ते शहर तिला घरबसल्या पाठ होतं. रुंद नदी, तिच्यावरचा दगडी पूल, काठाला बसून खुर्च्या विणणारा म्हातारा. कोंडाजीला वाटलं, पत्रातून कळलं असेल.

"आन बागंत शिरताना त्यानं बूट काढलं," ती म्हणाली. "देवाची बाग वाटली त्याला. तू लय हसलास."

कोंडाजीचा घास हातातच राहिला. त्या बागेत दोघंच गेले होते. त्याच रात्री महिपतीला ताप भरला. त्यानंतर त्यानं पत्र धाडलंच नव्हतं.

"मावशी, हे तुला..."

"त्योच सांगतो. रातीला येतो. अंगणात हुबा ऱ्हातो, आत येत न्हाई. गारठल्याला असतो रं."



बाहेर पावलं वाजली.

अंगणात थांबली.

शालूबाई हळूच म्हणाली, "तू काय सांगाया आलास, मला ठावं हाय. तू तोंड उघडलंस की सुतक लागंल. दहावं घालावं लागंल. मग त्यो यायचा न्हाई."

"मग न्हाई सांगत."

दोघं कान देऊन बसली. बाहेर दात वाजत होते... थंडीनं वाजतात तसे. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"लय कुडकुडतोय," ती म्हणाली. "सांग."

"मावशी... महिपती गेला."

बाहेर... एकदम शांत झालं.

कोंडाजी कंदील घेऊन अंगणात गेला. कुणी नव्हतं. त्यानं आडाचं पाणी शेंदून दोन घागरी आंघोळीच्या दगडापाशी ठेवल्या, एक तिला, एक स्वतःला, आणि तिला आणायला आत गेला. म्हातारीला उठवत नव्हतं. तिला धरून बाहेर आणेपर्यंत जो वेळ गेला तेवढाच.

एक घागर रिकामी होती. दगड ओलाचिंब. दगडापासून ओली पावलं निघाली होती, ती फाटकापाशी संपली.

शालूबाई त्या पावलांशेजारी खाली बसली.

"लेकराला," ती म्हणाली, "आत्ताच कळलं रं."