चौथ्या मजल्यावर थांबणारी बॅटरी

बॅटरी शंभर टक्के भरलेली, तरी कनकची चालपट्टी चौथ्या मजल्यावर बंद पडली! काल तिथेच, आजही तिथेच. चालपट्टी म्हणजे पायांना बांधायची यंत्रं. त्यांच्याच जोरावर कनक चालायची. शनिवारी तिच्या शिबिराची मुलं सज्जनगड चढणार होती, आणि गड काही चार मजल्यांत आटपत नाही. जिन्यात बसून कनकने डोळे पुसले.

ही बॅटरी तिने आजोबांसोबत बनवली होती. तिचे आजोबा डॉक्टर निकम म्हणजे साताऱ्यातले मोठे बॅटरी-शास्त्रज्ञ. त्यांनी बॅटरी क्ष-किरण यंत्रात ठेवली. यंत्राने ती गोल फिरवत शेकडो छायाचित्रं घेतली आणि संगणकाने ती जुळवली. बॅटरी न फोडता तिचं पोट पडद्यावर दिसू लागलं.

"हा इलेक्ट्रोड (बॅटरीतला वीज साठवणारा थर). तांब्याच्या पातळ पत्र्यावर आपण काळं पीठ थापलं होतं ना, तोच," आजोबा पडद्यावर बोट ठेवत म्हणाले.

"पण हा तर आटलेल्या तळ्यासारखा भेगाळलाय!"

"म्हणूनच. लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) याच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात आणि तिथे मुक्काम करतात. पण जो तुकडा पत्र्यापासून सुटला, त्याच्यात वीज साठत नाही. भांडंच लहान झालं, मग ते लवकर भरतं आणि लवकर संपतं. पण दोन दिवस वाळवणपेटीत ठेवूनही भेगा पडल्या कशा?"

कनकची मान खाली गेली. "आजोबा, मी तो पेटीतून काढून उन्हात ठेवला होता. आईने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. म्हटलं, दोन दिवसांचं काम एका दुपारी होईल."

"म्हणजे काळी कुरडई केलीस होय!" आजोबा खो-खो हसले. "कडक उन्हात वरचा भाग आधी सुकतो. ओलाव्याबरोबर बंधकही (कणांना चिकटवणारा पदार्थ) वर येतो, मग खाली धरून ठेवायला काही उरत नाही."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"कुठल्या तोंडाने रागावू? माझ्या पहिल्या इलेक्ट्रोडवर मी केस वाळवायचं यंत्र फिरवलं होतं."

नवा थर थापला. तो वाळून बॅटरी तयार व्हायला सोमवार उजाडणार होता. शनिवारी सकाळी शिबिराची बस खालून हॉर्न वाजवत गेली, तेव्हा कनक वाळवणपेटीजवळच बसली होती. तिला फार वाईट वाटलं. पण पेटीला तिने हात लावला नाही.

सोमवारच्या चित्रात एकही भेग नव्हती. सगळीकडे सारखी, बारीक छिद्रं होती.

पुढच्या रविवारी दोघं गडावर निघाले. निम्म्या वाटेवर आजोबा धापा टाकत पायरीवर बसले. कनकने बॅटरी पाहिली. अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक होती.

"बसा निवांत, घाई नाही," ती त्यांच्या शेजारी टेकत म्हणाली. "पुढची बॅटरी तुमच्या गुडघ्यांसाठी करू. पूर्ण दोन दिवस वाळवून."