पट्टी सरकताना हलायचं नाही

"हलू नका! हाय तितंच थांबा..."

काळ्या घोंगड्याखालून आवाज आला आणि मी क्लासच्या दारातच थिजले. एक हात चौकटीवर, एक पाय चपलेत, दुसरा बाहेर! बारामतीला कॉम्प्युटर शिकायला आले, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी माझा पुतळा करून ठेवला. समोर काहीतरी घुंऽऽ करत सरकत होतं. आवाज थांबल्यावर घोंगड्यातून विस्कटलेल्या केसांचं एक डोकं बाहेर आलं.

"झालं. आला तुमचा फोटो."

"आन् मी न्हाय म्हणले असते तर?"

"तर तोंड हाललं असतं... फोटो बिघडला असता," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

असा हा बिरू. निरवांगीचा. क्लासमधली मशिनं दुरुस्त करायचा. मोडीत निघालेला एक स्कॅनर त्यानं उभा केला होता, आतला दिवा काढला होता आणि काचेपुढं पुठ्ठ्याचं खोकं लावून त्यात भिंग बसवलं होतं. फटीतून उजेड शिरू नये म्हणून वरून आजोबांचं घोंगडं. रोल नाही, धुवायला टाकणं नाही, फोटो थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. तेव्हा असा कॅमेरा आमच्याकडं कुणी पाहिलाही नव्हता.

"आतली पट्टी वरनं खाली सरकती," तो म्हणाला. "पट्टी जितं असंल, तेवढंच त्या घडीला टिपलं जातं. म्हणून हलायचं न्हाय."

पडद्यावर माझा चेहरा ठीक होता, पण वाऱ्यानं उडालेली ओढणी शेवयांसारखी लांबच लांब झाली होती. मला हसू आवरेना. तो पडद्याकडं बघत होता... की माझ्याकडं, कोण जाणे!

मग रोजचंच झालं. निमगाव केतकीहून येणारी माझी एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं रेंगाळायची आणि बिरू दारात उभा असायचा.

"आजबी ट्रॉली आडवी आली?"

"व्हय. तुला काय काम न्हाय का, वाट बघण्याबिगर?"

"वाट कोण बघतंय? मी उजेड बघतोय... फोटोसाठी."

'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. त्यानं कोंबड्याचा फोटो काढला, तर कोंबडा तीन मुंड्यांचा आला. माझे तर कितीतरी काढले. पण मनातलं काही तो बोलेना. आणि मी तरी आपण होऊन कशी बोलणार?

अशात इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात. रविवारी गेणूमामा माझा फोटो घेऊन तिकडं जाणार होता. आबा म्हणाले, "बारामतीत चांगला फोटो काढून आण." क्लासच्या समोरच स्टुडिओ होता. मी गेले बिरूकडं. त्यानं एकदा फक्त 'नको' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"फोटो पायजे," मी म्हटलं. "स्थळाला दावायला."

त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "चांगलं हाय की..." एवढंच बोलला आणि भिंग पुसायला लागला. पुसलेलंच भिंग! असा राग आला म्हणता...

उन्हासाठी त्यानं मला अंगणात स्टुलावर बसवलं. खोकं माझ्यासमोर, कॉम्प्युटर बाजूला खिडकीत. तिथं खुर्चीवर बसून त्यानं बटण दाबलं. घुंऽऽ...

"डोळ्यांपाशी गडबड हाय," तो पुटपुटला. "नजर एका बाजूला गेली. पट्टी आडकती वाटतं."

पुन्हा काढला. पुन्हा तेच. त्यानं स्कॅनर खोलला, पट्टीच्या दांडीला तेल सोडलं, परत जोडला. तिसऱ्यांदाही तेच! बिचारा रडकुंडीला आला.

"खोकं वाकडं बसलंय बहुतेक..."

"बिरू, फोटोत माझं नाक सरळ हाय?"

"हाय."

"कान?"

"हायेत की."

"मग खोकं काय डोळ्यांपुरतंच वाकडं बसलंय व्हय?"

त्यानं पडद्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग स्वतः बसला होता त्या खुर्चीकडं... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"म्हंजी... तू हिकडं..."

"मशीन बरूबर हाय तुझं. मालक तेवढा बिघडलाय."

त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "प्रतिक्षा... फोटो इंदापूरला देऊ नगंस."

"मग कुठं देऊ?"

"आमच्या आईला. निरवांगीला. आन् तुझ्या आबांकडं मी सोता येतो... रविवारच्या आत."

"मग नीट काढ की एकदा!"

त्यानं बटण दाबलं आणि पळत येऊन खोक्याच्या मागं, अगदी भिंगाच्या रेषेत उभा राहिला. घुंऽऽ... पट्टी कपाळावरून डोळ्यांवर आली. मी हलले नाही. हलावंसं वाटलंच नाही. इतक्या सुखात मी त्याआधी कधी बसले नव्हते.

बोलल्याप्रमाणे तो आला, कॅमेरा घोंगड्यात गुंडाळून. कारखान्याचं स्थळ सोडून मशिनं खोलणारा जावई आबांच्या गळी उतरेना. पण घोंगडं त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं. आमच्याही घरात पूर्वी मेंढरं होती.

"कुणाचं रं हे?"

"माझ्या आज्ज्याचं. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं."

"जपलंयस," आबा म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

तो फोटो आजही निरवांगीच्या घरात भिंतीवर आहे. माझ्या सासूबाई कुशाबाई आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतात, "बगा, सून कशी सरळ माज्याकडं बगतीया!"

मी आणि बिरू गप्प बसतो. खोक्यामागं कोण उभं होतं, ते आम्हा दोघांनाच माहीत आहे.