डोळे दाखवणारा टॉर्च

रायफलवर बसवायचा टॉर्च निवडायला माणसाला किती वेळ लागावा? इड्वल प्यूला त्या मंगळवारी दीड तास लागला. दुकानदार मर्विनने त्याला दोनदा चहा पाजला, सगळा माल काउंटरवर मांडला आणि शेवटी कंटाळून म्हणाला, "अरे बाबा, टॉर्च घेतोयस की बायको करतोयस?"

इड्वल हसला, पण ओठांपुरतंच. आठवड्याभरात कोल्ह्याने त्याची सहा कोकरं नेली होती. रात्री रायफल घेऊन बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि नेमकी त्याचीच त्याला धास्ती होती.

मर्विनने लांब नळीचा एक टॉर्च उचलला. "हा चारशे पावलांवरचे डोळे दाखवतो. पण फक्त डोळे, बाकी सगळा काळोख. आणि हा दुसरा जेमतेम दीडशे पावलं जातो, पण उजेड पसरट पाडतो. पाय, शेपूट, मागचा दगडी गडगा, सगळं दिसतं. तुला डोळे बघायचेत की जनावर, ते तूच ठरव."

"कोल्हा दीडशे पावलांच्या आत येतच नाही रे."

"मग लांबचा ने. पण मागच्या वर्षीच्या टॉर्चचं काय झालं? चांगला होता की."

"फुटला," इड्वल म्हणाला.

फुटला नव्हता. त्यानेच तो तळ्यात फेकला होता.

मागच्या मार्चमध्ये त्याने काळोखात चमकणारे दोन डोळे पाहिले आणि चाप ओढला. जनावर दिसेपर्यंत थांबायचं, नुसत्या डोळ्यांवर गोळी झाडायची नाही, हे त्या टेकड्यांवर शेंबडं पोरही सांगेल. पण त्या रात्री इड्वल थांबला नाही. जवळ जाऊन पाहतो तर नेल. शेजारच्या मार्गेड आंटीची मेंढ्या राखणारी कुत्री. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईला दुसरं कुणी नव्हतं. इड्वलने नेलला गडग्याच्या कडेला पुरलं आणि तोंडाला कुलूप लावलं. कुत्री हरवली, असंच सगळीकडे झालं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मार्गेड आंटी आपल्या फाटकात उभी राहून दोन सुरांची शीळ घालायची. ती शीळ सुरू झाली की इड्वल घरात जाऊन रेडिओ मोठा करायचा.

"असं कर," मर्विन म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. एक रात्र वापर, नको असेल तो शनिवारी परत आण. दुधाने तोंड पोळल्यासारखा ताक फुंकतोयस नुसता!"

इड्वल दोन्ही टॉर्च घेऊन घरी आला.

त्या रात्री वारा पडला होता. ओल्या लोकरीचा आणि कुजक्या नेच्याचा वास शेतावर साचून राहिला होता. रायफल घेऊन निघायच्या आधी शेजाऱ्याला फोन करायचा, हा तिथला रिवाज. इड्वलने आंटीचा नंबर फिरवला. दोनदा घंटी वाजली आणि त्याने फोन ठेवून दिला. म्हातारी झोपली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे चोराच्या मनात चांदणं. तिचा आवाज ऐकायची त्याची छाती नव्हती.

लांबचा टॉर्च त्याने रायफलवर चढवला आणि पसरट टॉर्च कोटाच्या खिशात टाकला. वरच्या कुरणाच्या कोपऱ्यात तो दगडाला टेकून बसला. तासभर काहीच नव्हतं. मेंढ्यांचं रवंथ आणि दूर ओढ्याचा आवाज, एवढंच. अधूनमधून तो टॉर्च लावी, उजेडाची काठी गडग्यावरून फिरवी आणि विझवी.

चौथ्यांदा उजेड फिरला आणि डोळे दिसले.

दोन डोळे, अडीचशे पावलांवर. हिरवट. भोवती काहीच नाही, ना पाय ना शेपूट... नुसते डोळे. इड्वलने श्वास रोखला आणि बोट चापाजवळ नेलं.

कोल्हा उजेडाकडे बघतो, मान वळवतो आणि आडवा पळतो. मेंढी जागच्या जागी बघत राहते. हे डोळे यातलं काहीच करत नव्हते. ते उजेडाच्या रेषेतून सरळ त्याच्याकडे येत होते... शांतपणे, ओळखीचं माणूस दिसल्यासारखे. दोनशे पावलं. दीडशे. शंभर. गवत हलत नव्हतं. पावलांचा आवाज नव्हता.

आणि मग ते डोळे एकदम खाली गेले. जमिनीला टेकले आणि तिथेच थांबले, त्याच्यावर रोखलेले.

मेंढ्यांना अडवून धरायचं असलं की कुत्रं अस्संच पोट टेकून बसतं. मागच्या वर्षीचे डोळेही असेच सरळ त्याच्याकडे आले होते... हे आज, या क्षणी त्याच्या ध्यानात आलं.

"कोण...?" तो पुटपुटला.

त्याने बोट चापावरून काढलं. रायफल खाली ठेवली, खिशातला टॉर्च काढला आणि लावला. पसरट उजेड कुरणावर पडला.

डोळे होते त्या जागी काहीच नव्हतं. पण त्याच रेषेत, वीसेक पावलं मागे, गडग्याला लागून एक काळा कोट ओणवा झालेला दिसला. त्याच्याकडे पाठ होती. एक हात कोपरापर्यंत मेंढीच्या पोटात होता.

मार्गेड आंटी.

इड्वल धावला. धावता धावता तो रडत होता, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. डोळ्यांच्या त्या रेषेत गोळी सुटली असती, तर ती कुठे जाऊन थांबली असती?

"आंटी! आंटी, तुम्ही इथे?"

"ओरडू नकोस, अजून इतकी बहिरी झाले नाही मी," म्हातारी मान न वळवता म्हणाली. "माझी मेंढी तुझ्या कुरणात घुसलीय आणि कोकरू आडवं आलंय. माझ्या टॉर्चने जीव सोडला. उजेड धर नीट. आणि नाक पूस आधी."

दहा मिनिटांत कोकरू बाहेर आलं. आंटीने ते गवताने खसाखसा चोळलं, आणि ते शिंकलं. इड्वलला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. त्या हलकेपणातच त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. डोळे, गोळी, गडग्याची कड, सगळं.

आंटी कोटाला हात पुसत राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या रात्री एकच बार ऐकला. दुसऱ्या दिवशी कोल्हा मारल्याच्या बढाया मारायला तू आला नाहीस. तू, आणि बढाई न मारता बसणार!"

"मग बोलला का नाहीत?"

"माती तू लोटलीस, तोंडही तूच उघडायचं होतंस. वर्षभर वाट बघितली मेल्या तुझी. आज उघडलंस, बरं झालं. आता इथून पुढे फोन पूर्ण वाजू देत जा. दोन घंट्यांत मला खुर्चीतून उठवत नाही."

इड्वल हसला. या वेळी अगदी पोटातून. मग त्याला आठवलं. "पण आंटी, तुम्हाला ठाऊक होतं, तर मग रोज संध्याकाळी शीळ कुणाला घालता?"

आंटीने काठी उचलली आणि ती घराच्या वाटेला लागली.

इड्वलने धावत जाऊन दगडापाशी ठेवलेली रायफल उचलली, गोळ्या काढून ती खांद्याला अडकवली. कोकरू बगलेत घेतलं आणि मागून तिच्या वाटेवर उजेड धरला. मेंढी कोकराच्या वासाने त्याच्या गुडघ्याला घासत चालली होती. लांबचा टॉर्च शनिवारी परत, हे त्याने मनाशी पक्कं केलं. म्हातारी जिवंत होती, कोकरू उबदार होतं, आणि वर्षभर लपवलेलं सांगून झालं होतं.

पुढे वाट वळली. पुढचं नीट दिसावं म्हणून त्याने टॉर्च जरा वर केला.

आंटीच्या डाव्या टाचेशी, तिच्या पावलाला पाऊल लावून, हिरवट असं काहीतरी चमकलं. दोन ठिपके. मागे वळून त्याच्याकडे बघणारे.

"इड्वल," आंटी पाठमोरीच म्हणाली, "लाइट खाली कर. तिच्या डोळ्यांवर येतोय."