अंधेरी, मार्गे घाटाबिल्लोद

स्वानंदी अंधेरीला राहायची ती फक्त ऑर्कुटवर. एरवी तिचा मुक्काम मध्य प्रदेशातल्या धारलाच, आई-नानांजवळ. शाळेतल्या मुलांना प्रार्थना शिकवून झाली की दुपारी ती जयसिंगरावांच्या सायबर कॅफेत जाऊन बसे. सिनेमाला संगीत द्यायचं, हे तिनं दहावीतच ठरवलं होतं. पण सिनेमावाल्यांच्या ग्रुपवर गाव ‘धार’ लिहिलं की कुणी उलटून विचारत नाही, हेही तिला लवकरच कळलं. मग तिनं गाव बदललं. लगेच उत्तरं यायला लागली. सगळी ‘ट्यून पाठवा, बघू’ अशी, आणि ट्यून पाठवली की पुन्हा शुकशुकाट.

नानांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर सिनेमाचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर राजगढच्या शाळेत संगीत शिक्षिकेची पक्की नोकरी. “स्वप्नं बघ बाई, पण एक डोळा उघडा ठेवून,” नाना म्हणत.

आणि ऐन मे महिन्यात तिला एक निरोप आला, तोही चुकून.

‘गाणाऱ्या स्वानंदीजी तुम्हीच ना?’

‘नाही. मी चाल लावणारी.’

‘अरे... मग तर एकदमच सही. मला पार्श्वसंगीतच पाहिजे. मी अंकुर. डायरेक्टर. मुंबई.’

घर सोडून निघालेल्या मुलीवर तो एक छोटा सिनेमा करत होता. तो प्रसंग पाठवायचा, ही चाल पाठवायची. एक चाल इंटरनेटवर चढायला अर्धी दुपार जाई, आणि तेवढा वेळ गप्पांना आयता मिळे.

‘तुमची मराठी वाचून वाटतं, मुंबईत सगळे हिंदीच बोलतात,’ तिनं एकदा चिडवलं.

‘आमच्या एरियात तसंच आहे,’ तो म्हणाला. मग थोड्या वेळानं — ‘तुमची कालची चाल ऐकता ऐकता मी जेवायचंच विसरलो.’

‘मग आई रागावली असेल.’

‘रागावली. मी तुमचं नाव सांगितलं.’

स्वानंदी पडद्याकडे बघून एकटीच हसली. शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंनी मान वळवून पाहिलं, तर तिनं उगाच खोकल्यासारखं केलं.

आता माणूस आवडायला लागला की जिभेवर ताबा राहत नाही. ऑगस्टमध्ये ती लिहून गेली, ‘दिग्दर्शकसाहेब, एकदा भेटा तरी.’ त्यानं लगेच ठरवलं — रविवार, अंधेरी स्टेशनबाहेर. शुक्रवारी तिनं कळवलं, गणपतीच्या तयारीला गावी जावं लागतंय. त्याचं उत्तर असं झटपट आलं, जणू तो वाटच बघत होता: ‘काही हरकत नाही! आरामात जा!’ किती समजूतदार मुलगा, म्हणून तो तिला आणखीच आवडला.

नवरात्राच्या तोंडावर त्यानं शेवटचा प्रसंग पाठवला. नायिका गच्चीवर उभी, बोलणं काहीच नाही. चित्र अंधुक, पण हेडफोन चांगला. स्वानंदीनं डोळे मिटले. वारा... दोरीवरच्या ओल्या साडीची फडफड... आणि खाली, लांबून, एक कंडक्टर — ‘इंदौर-बेटमा-घाटाबिल्लोद-धार! धारवाले भिया, पीछे हो लो!’

तिनं डोळे उघडले. पुन्हा ऐकलं. ही हाळी ती इंदूरच्या कॉलेजला जाता-येता ऐकत आली होती. मुंबईत कुठलं आलंय घाटाबिल्लोद? चित्र नीट न्याहाळलं, तर नायिकेच्या मागे देवासची, देवीच्या देवळाची टेकरी, चढणाऱ्या पायऱ्यांसकट.

तिला राग आला आणि रडूही आलं. दिवाळी तोंडावर, राजगढचा निरोप यायच्या बेतात, आणि आपण ज्याच्या भरवशावर बसलो तो हा! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

‘टेकरीवर नवरात्राची गर्दी असेल ना?’ तिनं लिहिलं.



‘...कसं कळलं?’

‘तुमचा कंडक्टर ओरडतोय.’

‘तो आवाज मी काढून टाकणारच होतो. सॉरी. मी देवासचा. कारखान्यात नोकरी करतो, रविवारी सिनेमा. देवास लिहिलं असतं तर मुंबईच्या कंपोझरनं मला उत्तर दिलं असतं का?’ आणि पाठोपाठ दुसरी ओळ — ‘पण अंधेरीत बसून तुम्ही टेकरी कशी ओळखली?’

आता आली का पंचाईत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. स्वानंदीनं एकेक अक्षर सावकाश टाइप केलं.

‘त्या बसच्या शेवटच्या स्टॉपला मी राहते.’

पलीकडून नुसतं ‘हे भगवान’ आलं. मग दोघंही आपापल्या गावात, आपापल्या खुर्चीत बसून हसत राहिली.

‘तो आवाज मात्र काढायचा नाही,’ तिनं बजावलं. ‘मी चाल त्याच्यावरूनच उचलणार आहे.’

तिनं नानांच्या हार्मोनियमवर कंडक्टरचा सूर शोधला आणि तिथूनच चाल सुरू केली. मुलगी घर सोडते तेव्हा ती हाळीच हळूहळू गाणं होत जाते. सिनेमा ग्रुपवर चढवताना तिनं एकच हट्ट धरला, नावासोबत गावही लिहायचं. खरं गाव.

आठवड्याभरात मुंबईच्या सुनेत्रा सबनीस या दिग्दर्शिकेचं पत्र आलं. बसच्या हाळीवरून उचललेली चाल फार आवडली, माझ्या सिनेमाला संगीत द्याल का, मुंबईत कधी राहायला येताय? स्वानंदीनं धीर करून लिहिलं, राहीन धारलाच, रेकॉर्डिंगला येईन. मग उत्तर येईपर्यंत ती दिवसातून दोनदा सायबर कॅफेत जाऊन आली. ते आलं तेव्हा एवढंच होतं: ‘चालेल. ती हार्मोनियम घेऊन या.’

नाना कपाटातून जुनं मऊ धोतर काढून हार्मोनियम पुसायला बसले.

अंकुरला कळवलं, तर तो म्हणाला, ‘रविवारी येतो.’ या खेपेला कुणाच्याच घरचे गणपती आडवे आले नाहीत.

दुपारी बस स्टँडवर तो उतरला. उंच, शर्ट चुरगळलेला, चेहरा परीक्षेला आल्यासारखा. आधी त्यानं दारातल्या कंडक्टरकडे बोट दाखवलं. “आवाज यांचा.” कंडक्टर लाजला. अंकुर त्याच्याहून जास्त लाजला.

“प्रोफाइलवर गाव बदललंत की नाही?” तिनं विचारलं.

“बदललं. धार लिहिलं.”

“पुन्हा खोटं?”

“खोटं नाही...” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “अर्ज आहे.”

स्वानंदी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“तू मुंबईचा नाहीस हे कळलं तेव्हा मी रडले,” ती म्हणाली. “मग बरंही वाटलं. मुंबईचा असतास तर मी तुझी नुसती वाटच बघत बसले असते. आवडतोस तू मला.”

अंकुरनं चुरगळलेला शर्ट हातानं सारखा केला.

“अर्ज नानांकडे द्यावा लागतो,” ती म्हणाली. “चल.”