फिरकीचा तांब्या

जगात भूत नावाची गोष्ट नाही. हे विधान मी पूर्ण शुद्धीवर, आणि आयुष्यभर वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिल्याच्या अधिकाराने करतो आहे.

सध्या मी बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ करतो.

त्या वेळेला जावई 'मीटिंग आहे' म्हणून वरच्या मजल्यावर जातो. मुलगा सभ्य आहे.

खालचं सगळं खरं आहे. तुमच्या या भुताच्या अनुभवांच्या पानावर बाकीचे लोक अमावस्या आणि पिंपळ घेऊन येतात. माझ्याकडे दोन्ही नाहीत. गेल्या महिन्यातला मंगळवार, भर दुपार, टेक्सासचं ऊन आणि एसी लावलेली इमारत. आधीच सांगितलेलं बरं.

मी आणि सौ. नंदा प्लेनोला लेकीकडे, नेत्राकडे आलो आहोत. नात आन्या कॉलेजात आहे. सुट्टीत ती एका म्युझियममध्ये गाइडचं काम करते. नाझींच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यू माणसांच्या स्मृतीचं म्युझियम. नाव सांगत नाही. त्यांचा यात काही दोष नाही.

"आजोबा, यू हॅव टू कम," आन्या म्हणाली. "पण प्लीज, तिथे नो जोक्स."

"मी रिटायर झालोय."

"आजोबा!"

"बरं."

नंदा प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पीत नाही. तिच्या लग्नातला स्टीलचा फिरकीचा तांब्या आहे. झाकण फिरवून बंद होणारा, पोटावर तिचं नाव कोरलेला. तो आमच्याबरोबर सगळीकडे येतो. दारावरच्या गार्डने तो उलटासुलटा करून बघितला.

"मॅम, व्हॉट इज धिस?"

"वॉटर," नंदा म्हणाली. "यू वॉन्ट?"

गार्ड हसला आणि त्याने आम्हाला आत सोडलं.

आत मी खरंच एकही विनोद केला नाही. सुचलाच नाही. फोटोतली माणसं, मोडके चष्मे, आणि काचेमागे रचलेल्या बॅगा. प्रत्येक बॅगेवर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव.

नंदाने तांब्या पोटाशी धरला.

"आपणही घालतो भांड्यांवर नावं," ती हळूच म्हणाली. "हरवू नयेत म्हणून."

पुढच्या हॉलमध्ये मालगाडीचा एक डबा उभा होता. लाकडी. दोन्ही बाजूंची सरकती दारं उघडी. एकातून चढायचं, समोरच्यातून उतरायचं. ज्यांना आत जायचं नसेल त्यांना बाजूने वाट.

"अशा एकेका डब्यात शंभरएक माणसं भरायचे," आन्या सांगत होती. "दारं बाहेरून लॉक. डेज अँड डेज. पाणी नाही. स्टेशन आलं की लोक फटीतून हात बाहेर काढून पाणी मागायचे."

"याच डब्यातून नेलं?"

"वी डोन्ट नो, आजोबा. त्या काळातला आहे, सेम टाइप. पण ह्याच्यातून कुणाला नेलं की नाही, कुणालाच माहीत नाही."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

नंदाचे गुडघे दुखत होते. तिने तांब्या माझ्या हातात दिला. "धरा. मी इकडून येते." आन्या तिला हाताला धरून बाजूच्या वाटेने गेली.

मी चढलो. एकटा.

आत काहीच नव्हतं. फळ्यांची जमीन, फळ्यांच्या भिंती. फटींतून येणारा हॉलचा उजेड. समोर उघडं दार. मी मधोमध आलो आणि घशाला कोरड पडली. तांब्याचं झाकण काढून शर्टाच्या खिशात टाकलं.

आणि तिथे मी चूक केली...

आपल्याकडे लांबच्या गाडीत पाणी काढलं की शेजारच्याला विचारल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. आपण विचारायचं, त्याने 'नको, आहे' म्हणायचं, मग आपण प्यायचं. आईने अंगात मुरवलेली रीत. पायाखाली रेल्वेचा डबा, हातात तांब्या... तोंडातून आपोआप गेलं.

"पाणी हवंय का कुणाला?"

माझं मलाच हसू आलं.

मग एसीची घरघर थांबली. पलीकडच्या शाळकरी मुलांची कुजबुज थांबली. आन्याचा आवाजही...

'नको' असं कुणीच म्हणालं नाही.

आधी उजव्या खांद्याला काहीतरी टेकलं. मग डाव्या. मग पाठीला...

ढकलणं नव्हतं ते. जागाच नसली की माणसं जशी एकमेकांना टेकून उभी राहतात, तसं. मी वळायला गेलो. वळता येईना. हात खाली घ्यायला गेलो. ते छातीशीच अडकले. टाचा उचलल्या गेल्या.

डोळ्यांना मात्र डबा रिकामा दिसत होता.

दार उघडं होतं. दारात नंदा उभी होती. माझ्याकडेच बघत होती. हात लांब केला असता तर तिच्यापर्यंत पोहोचला असता.

हात लांब करता येत नव्हता.

ओरडायला हवा लागते. ती दुसऱ्याच कुणीतरी आधी घेतलेली होती.

दार उघडं आहे, आणि तरी मी इथून बाहेर पडणार नाही... एवढंच मला स्वच्छ कळत होतं.

मग तांब्या हलला.

हिसकावला नाही कुणी. गर्दीत मागच्याला वस्तू पोचवायला पुढचा जशी हातातून घेतो, तसा... अलगद. मी बोटं सोडली.

पडल्याचा आवाज आला नाही.

घोट गिळल्याचा आला.

मग जरा मागून, आणखी एक. मग कोपऱ्यातून, अगदी खालून... लहान मूल पितं तसा, घाईघाईचा.

पुरू दे, मी मनात म्हणत होतो. एवढासा तांब्या. पुरू दे सगळ्यांना.

बऱ्याच वेळाने पाठीवर एक तळहात टेकला. हलकेच, दाराच्या दिशेने. आणि समोरचं ते सगळं... सरकलं. जागा नसताना, माझ्यासाठी.

नंदाने दंड धरून मला उतरवलं. शर्ट घामाने चिंब झाला होता.

"अहो, असे काय उभे होतात? हात आखडून, चवड्यांवर? हाका मारतेय कधीची. अख्खा डबा मोकळा होता!"

"मोकळा होता?"

"म्हणजे काय? आणि तांब्या कुठाय?"

आन्या आत जाऊन शोधून आली. लांबच्या कोपऱ्यात होता म्हणाली. सरळ उभा. रिकामा. खालची फळी कोरडी.

झाकण घट्ट लावलेलं...

मी खिसा चाचपला. खिशात काही नव्हतं.

"आजोबा, यू नेव्हर वेंट टू दॅट कॉर्नर," आन्या म्हणाली. "आय वॉज वॉचिंग." घाबरली की ती पूर्ण इंग्रजीत जाते.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. नेत्राच्या ओळखीचे डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. वयही झालंय. मी मान डोलावली. पॅनिक अटॅकला तहान लागते का, हे विचारायचं राहिलं.

कारण नंदा रोज झोपण्याआधी तांब्या भरून ओट्यावर ठेवते. सकाळी तो रिकामा असतो. झाकण घट्ट. ओटा कोरडा.

"गळत असेल," मी म्हटलं.

"इतक्या वर्षांत गळला नाही तो?"

"मग भरू नकोस ना!"

तिने माझ्याकडे बघितलं. दारात आलेल्याला मी हाकलून दिल्यासारखं.

"तुम्हीच विचारलंत ना त्यांना? मग आता नाही कसं म्हणायचं?"

आणि दार बंद झालं की खांद्याला काहीतरी टेकतं. लिफ्टमध्ये टेकतं. जावयाच्या गाडीची लॉकं 'टक' करून लागली की टेकतं. आधी उजव्या, मग डाव्या...

पुढच्या आठवड्यात आम्ही मुंबईला परत निघतो. विमानाचं दार बंद होईल आणि तासन्‌तास उघडायचं नाही. मला ते जमेल की नाही, ठाऊक नाही. तांब्या हातातल्या पिशवीत येणार, हे नंदाने जाहीर केलं आहे. सिक्युरिटीत भरलेला चालत नाही, जावई म्हणाला. रिकामा असेल तर चालतो.

रिकामा असतोच.

तर वाचकहो, मंत्र नको, ताईत नको, ओळखीचे बुवाही नकोत. तुमच्यापैकी कुणाची जागा विमानात माझ्या शेजारी आली, तर एवढंच करा. पाण्याची ट्रॉली आली की दोन-चार ग्लास जास्तीचे मागून घ्या.

मला सारखं मागायची लाज वाटते.