बैनी म्हणू नका

"ओ बैनी! फुलं तोडायची नाहीत!"

मेनुकाचा हात लालभडक गुरांसाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, फांदीशी थबकला. रात्रभर वॉर्डात उभं राहून पाय भरून आलेले, त्यात कँटीनमध्ये घाईघाईने खाल्लेल्या माशाचा काटा घशात अडकलेला. बोलता येईना. तिने नुसतंच गळ्याकडे बोट दाखवलं.

इस्पितळासमोरच्या बागेचा राखणदार नोर्देन काय ते समजला. त्याने स्वतःच टाचा उंचावून अख्खा तुरा तोडला. "आधी सांगायचं नाही का! पाकळ्या चावा आणि गिळून टाका."

आंबट रसाबरोबर काटा सुटला.

"नर्सबाई, आणि औषध आजीबाईचं?" तो हसला.

"डॉक्टरांना सांगाल तर खबरदार..."

तेव्हापासून ड्युटी सुटली की ती बागेतल्या बाकावर येऊन टेकायची. गुरांस ऐन भरात होता. नोर्देन थर्मासमधला चहा ओतायचा. "घ्या, बैनी." "आज फारच दमलात, बैनी." आमच्या गंगटोकात अनोळखी मुलीला बैनी, म्हणजे धाकटी बहीणच म्हणतात, त्यात वावगं काही नाही, पण आता ती अनोळखी कुठे राहिली होती? त्या एका शब्दाने मेनुकाचा जीव मेटाकुटीला आला.

आणि मग बदली झाली. सोमवारपासून दूरच्या नामची गावातलं इस्पितळ.

"मी चाललेय," त्या सकाळी ती म्हणाली. "जाण्याआधी एकदाच सांगा — मी तुमची बहीण आहे का?"

नोर्देनचा चहा लवंडला. "छे! भलतंच काय..."

"मग बैनी कशाला?"

"भीतीपोटी." तो मान खाली घालून पुटपुटला. "बैनी म्हणत होतो, म्हणून तुम्ही निर्धास्त येऊन बसत होतात. नाव घेतलं असतं आणि तुम्ही यायच्याच थांबला असतात तर... मेनुका?"

तिला रडू आलं, हसूही आलं. किती दिवस वाट पाहिली होती तिने!

"नामचीला दर रविवारी यावं लागेल," ती म्हणाली. "येणार?"

"चालत येईन."

"बरं. आता लाजायलासुद्धा अंगात त्राण नाही. जरा सरका." त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून ती गाढ झोपली.

समोर एका पर्यटक बाईने गुरांसाचा तुरा खुडून केसांत खोवला आणि राखणदाराला पाहून दचकली. नोर्देनने खांदा जराही न हलवता नुसतं ओठांवर बोट ठेवलं.