सातव्या पट्टीवरची पांढरी जागा

इचलकरंजीच्या त्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली, की बायका डबे घेऊन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर बसायच्या. पूर्वी तिथं मालिका लागायच्या, आता एक अंतराळस्थानक लागलेलं असे, गुंडाळी उलगडून सपाट अंथरल्यासारखं. पांढऱ्या लांबलांब पट्ट्या आणि त्यांवर काळे ठिपके. नवा ठिपका उमटला की कुणीतरी ओरडायचं, "बसला गं आणखी एक!" आणि हातातला घास हातातच राहायचा.

राहणारच. त्या पट्ट्या याच शेडमधल्या मागांवर विणलेल्या होत्या. स्थानकाला बाहेरून पातळ पत्रा, मग वीतभर पोकळी आणि तिच्यामागं हे कापड. पृथ्वीभोवती फुटक्या उपग्रहांचा कचरा आणि उल्कांची धूळ अशा वेगानं फिरते, की बाजरीएवढा कणही पिस्तुलाच्या गोळीसारखा घाव घालतो. पत्र्यानं त्याचा चुरा करायचा आणि कापडानं तो झेलायचा, अशी कामाची वाटणी होती. पण हे कापड झेलून गप्प बसत नसे. त्यात केसाएवढे प्रकाशतंतू विणलेले होते. तंतू तुटला की तिथला उजेड विझे, पडद्यावर ठिपका पडे आणि स्थानकाच्या पाठीवर फिरणारा छोटा यंत्रमानव जाऊन तेवढ्या जागेला ठिगळ लावून येई.

त्या दुपारी स्थानकावरची शास्त्रज्ञ इरावती घोरपडे स्वतः पडद्यावर आली. अधूनमधून ती या बायकांशी बोलायची. केस वर तरंगत होते, चेहरा हसरा.

"तुमची सातवी पट्टी मला फार लाभली बघा," ती म्हणाली. "तिच्यावर बाकी सगळीकडं ठिपके, पण मधोमध तळहाताएवढी जागा अजून कोरी आहे. दोन वर्षांत एक ओरखडा नाही! मी झोपायची पिशवी तिथंच टांगलीय. डोकं बरोबर त्या जागेमागं येतं."

शेडमध्ये टाळ्या पडल्या. तपासणीची प्रमुख वैजयंता चौगुले हिची मान तर चांगलीच ताठ झाली. त्या पट्टीवर 'निर्दोष' असा शिक्का तिनंच मारला होता. कौतुकानं तिनं मागं वळून पाहिलं आणि तिला दिलशादचाची दिसल्या. विणलेल्या कापडातले दोष सुईनं दुरुस्त करणाऱ्या मेंडिंग खात्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं होतं. भाकरी आत तशीच होती.

वैजयंता त्यांच्या मागोमाग मेंडिंगच्या टेबलापाशी गेली.

"चाची, बरं वाटत न्हाई काय?"

चाचींनी सुई हातात घेतली, परत ठेवली. "सातवी पट्टी मागावर असताना मधोमध फाटली हुती," त्या म्हणाल्या. "तळहाताएवढी. रफू केली मी. चिवट धागा पदरावर पदर भरला. उजेडाचे तंतू तुटले हुते, ते कडंकडंनं फिरवून जोडून टाकले. तपासणीचा दिवा लागला. तू बघितलीस, तुलाबी दिसलं न्हाई."

नियम साधा होता, तंतू तुटला तर पट्टी बाद. पण या गावात दोष घेऊन तागा बाहेर गेला, की मेंडिंगवालीच्या हाताला नाव ठेवतात, आणि चाचींच्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी कापड वाचवलं होतं. फक्त त्या कापडाची जीभ गेली होती. तिथं काही लागलं नाही असं नव्हे, लागलेलं कळतच नव्हतं. दोन वर्षांत तिथं एकही ठिगळ गेलं नव्हतं आणि त्याच जागेमागं ती मुलगी डोकं टेकून झोपत होती.

नव्या स्थानकाचं काम याच शेडला द्यायचं की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. हेही वैजयंताच्या मनात येऊन गेलं. आलं याची तिला लाज वाटली.

"माझं नाव सांग," चाची म्हणाल्या. "आधी त्या पोरीला हलीव."

वैजयंतानं तिथूनच नियंत्रणकक्षाला फोन लावला. रफू करणाऱ्या बाईच्या आधी तिनं शिक्का मारणारीचं, म्हणजे स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडचा माणूस घाईनं कुणालातरी हाका मारू लागला.

संध्याकाळी चित्रं आली, तेव्हा पाळी सुटली होती, पण घरी कुणीच गेलं नव्हतं. यंत्रमानवानं त्या जागेवरचा पत्रा दाखवला. त्याची चाळणी झाली होती. पत्रा उचलल्यावर मागचं कापड दिसलं. चाचींचा रफूही दिसला, अजून नेटका. त्याचे पदर एकामागोमाग एक फाटत गेले होते. शेवटचा तेवढा उरला होता.

नंतर इरावती पडद्यावर आली. या वेळी ती हसत नव्हती. "मी दुसरीकडं झोपतेय," ती म्हणाली. "चाची, तुम्ही सांगितलंत म्हणून..." एवढंच म्हणून तिनं हात जोडले. चाचींनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडल्या. वैजयंताला वाटलं, ही माफीच आहे, ती आपल्यालाही मिळाली, आणि आपल्याला पेलणार नाही.

पडदा पुन्हा पट्ट्यांवर आला. सातव्या पट्टीच्या मधोमध नियंत्रणकक्षातल्या कुणीतरी हातानं काळा गोल काढला होता. चाची उठल्या आणि अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. मागं मेंडिंग खात्यातल्या बाकीच्या बायका बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नव्हती. काहीजणी आपल्याच हातांकडं बघत होत्या.

चाचींनी दुसऱ्या एका पट्टीवरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, मग तिसऱ्या.

"वैजयंता," त्यांनी विचारलं, "हितं खरंच काय लागलं न्हाई, का हे बी गप हाय?"